सात नंबरची खुर्ची

१

राजश्रीला चोर ठरवायला बंगळुरूच्या त्या कंपनीला जेमतेम चार ओळी लागल्या.

शनिवारी संध्याकाळी बरोब्बर सहाला मेल आला. 'उमेदवाराने परीक्षेची खिडकी तीन वेळा सोडली : ११.२२, ११.३१, ११.४०. उमेदवार बाद. म्हणणे असल्यास चोवीस तासांत पुराव्यासह मांडावे, अन्यथा एक वर्ष बंदी.' खाली सही कुणाची? कुणाचीच नाही. 'हा मेल यंत्राने पाठवला आहे.' म्हणजे चोर म्हणायचं आणि वर तोंड लपवायचं. वा रे मर्दुमकी!

अंकितानं मेल तीनदा वाचला आणि नाक मुरडलं. अंकिता म्हणजे राजश्रीची धाकटी बहीण, दहावीतली. दोन महिन्यांपूर्वी वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आल्यापासून तिला माणसांची भीती वाटेनाशी झाली होती, यंत्रांची तर नाहीच नाही.

"ताई, खिडकी सोडली म्हणजे काय केलंस?"

"काही नाही गं!" राजश्रीचा आवाज फाटला होता. "नव्वद मिनिटांची परीक्षा. दोन प्रोग्रॅम लिहायचे. पहिला पंधरा मिनिटांत चालला माझा. दुसराही होत आला होता. मधेच खाली कोपऱ्यात एक पिवळी चौकट आली. वाचायला वेळ कुठाय? मी ती बंद केली. बंद केली की इशारा : तुम्ही परीक्षेबाहेर गेलात! असं तीनदा. तिसऱ्यांदा स्क्रीन पांढरी झाली ती झालीच."

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या त्या दोन खोल्यांत सहा माणसं राहायची. कंपनीचा नियम मात्र असा, की उमेदवाराच्या खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये आणि आवाजही येता कामा नये. नियम लिहिणाऱ्याच्या बंगल्यात माणसांपेक्षा खोल्या जास्त असतील. म्हणून राजश्रीला परीक्षेसाठी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या 'विजयपथ कॉम्प्युटर्स'मध्ये जावं लागलं.

आई, मुक्ताबाई, दारात विड्या वळत होती. तिचे हात थांबले नाहीत. "दोन वरीस पोरीनं त्या डब्यापुढं डोळं फोडून घेतलं. दिवसभर दवाखान्यात केसपेपर काढायचे, नि आल्यावर ते. तिला चोर म्हनत्यात व्हय?"

 डिग्री होऊन तीन वर्षं उलटली की कंपन्या दार लावून घेतात, आणि राजश्रीचं हे तिसरं वर्ष होतं. एक वर्ष बंदी म्हणजे कायमची बंदी. पुढं जन्मभर केसपेपर.

"पुरावा मागतात ना? देऊ की," अंकिता म्हणाली. तेवढ्यात तिला मेलच्या शेपटाला जोडलेला दुसरा कागद दिसला. केंद्रप्रमुख संगमेश सरांचा सही-शिक्क्याचा अहवाल. 'मी संपूर्ण वेळ उमेदवाराच्या पाठीशी उभा होतो. उमेदवार वारंवार दुसरी खिडकी उघडताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.'

अंकितानं मान वर केली. "ताई, सर तुझ्या मागं उभे होते?"

"मला काय माहीत? मागं वळून बघितलं तरी इशारा येतो!"

२

रविवारी सकाळी दोघी बहिणी वडापच्या, माणसं कोंबलेल्या रिक्षेनं सोलापुरात उतरल्या. अंकिताच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं. त्यात विज्ञानाचा प्रकल्प होता, बाईंनी नापास करून परत दिलेला. 'महिनाभर मेहनत घेतली' असं तिनं पहिल्याच पानावर लिहिलं होतं आणि इंटरनेटवरून काढलेल्या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात प्रकल्प जमा केला त्याच दिवशीची तारीख आणि सकाळची वेळ छापून आली होती. बाईंनी ती लाल पेनानं गोल केली होती. आता अख्खा प्रकल्प पुन्हा करायचा, म्हणून कोऱ्या कागदांचा गठ्ठाही सोबत होता.

काल परीक्षेला तिघंच होते. राजश्री, युवराज आणि वैजयंती. युवराज सेंटरजवळच्या चहाच्या गाड्यावर सापडला, कारण युवराज नेहमी चहाच्या गाड्यावरच सापडायचा. अकलूजचा गडी, सोलापुरात खोली करून राहिलेला. अंगात अशा कंपनीचा टी-शर्ट, जिथं त्याला कुणी दारातही उभं केलं नव्हतं.

"काय बे अंकिता, डिटेक्टिव्ह झालीस व्हय?" तो हसला. "तुझ्या या ताईला सांग, चिटिंग करायला पण डोकं लागतंय."

"म्हणूनच तू करत नाहीस वाटतं," अंकिता म्हणाली. "परीक्षा चालू असताना काय काय झालं?"

"मला काय माहीत? मी साडेअकराला सबमिट मारलो नि बाहेर. अर्ध्या तासात खल्लास! सर काउंटरवरनं उठले, हात मिळवला माझा. म्हणाले, अकलूजचं पाणीच वेगळं."

"दोन्ही प्रोग्रॅम चालले?"

"चालायचा प्रश्न नाही गं. स्पीड बघतात हे लोक."

"म्हणजे कोरा पेपर लवकर दिला की नोकरी?"

गाड्यावरचे दोघं-तिघं खुदकन हसले. युवराजनं चहाचा घोट घशात अडकवून घेतला.

"एक सांग. परीक्षेतून दुसरं काही उघडता येतं? गाणी, प्रिंट, काहीही?"

"उघड की! लगेच ढोल वाजतोय. मला शिंक आली, भलतंच बटन दाबलं गेलं, तर एक इशारा बसला. तीन झाले की घरी." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "तू वैजयंतीला का नाही विचारत? मेरिटवाली हाय ती. काल राजश्रीला बाहेर काढलं, तर ती विचारायला सुद्धा थांबली नाही, पेपर सुटल्यावर सरळ स्टेशनकडं पळाली. आणि सात नंबर आधी तिचा होता. तिनं बदलून घेतला, ऐन वेळी."

राजश्रीनं हातातला ग्लास खाली ठेवला. वैजयंती तिची कॉलेजपासूनची मैत्रीण होती. आणि काल संध्याकाळपासून ती फोन उचलत नव्हती.

३

वैजयंती करमाळ्याकडची, केमची. परीक्षा झाल्या झाल्या तिनं गाडी पकडून गाव गाठलं होतं. दुपारपर्यंत राजश्रीचा एकही फोन तिनं उचलला नाही, तेव्हा अंकितानं बरोबर आणलेल्या आईच्या फोनवरून नंबर फिरवला. अनोळखी नंबर म्हणून वैजयंतीनं पहिल्याच रिंगला उचलला. बघा, मैत्रिणीला टाळायचं, पण अनोळखी माणसाला 'हॅलो' म्हणायला एका पायावर तयार.

"मी अंकिता बोलतेय, राजश्रीची बहीण. ठेवू नकोस. ठेवलास तर मी केमला येईन आणि तुझ्या घरच्यांसमोर विचारीन."

 पलीकडं वैजयंती रडायलाच लागली.

"सात नंबर का बदललास?"

"मागच्या महिन्यात त्याच खुर्चीवर बसले होते मी. दुसऱ्या कंपनीची परीक्षा. खाली कोपऱ्यात पिवळं काहीतरी आलं. मी बंद केलं. तीनदा आलं, आणि मला बाहेर काढलं."

अंकितानं फोन स्पीकरवर टाकला. राजश्री भिंतीला टेकली.

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. सर म्हणाले, गावाकडची पोरं तुम्ही, कीबोर्ड कधी बघितला होता का? कोपर लागलं असेल. मला तेच खरं वाटलं गं. लाजेनं कुणाला बोलले नाही. काल सरांना म्हटलं, मला सात नको. त्यांनी तीन दिला. आणि सातवर…"

"आणि सातवर माझ्या ताईला बसवलं. आणि तू गप्प."

"मला वाटलं, खुर्चीच अपशकुनी आहे."

"इंजिनिअर आहेस ना तू? मग शाब्बास!" अंकिता म्हणाली. "काल तुला किती इशारे आले?"

"एकही नाही. साडेबारापर्यंत मान वर केली नाही मी. दोन्ही चालले."

राजश्री एवढंच म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस, वैजू." ती ओरडली असती तर वैजयंतीला सोपं गेलं असतं.

फोन ठेवून अंकितानं घड्याळ पाहिलं. पावणेचार. तिला आता एवढं कळलं होतं, की चूक ताईच्या हातात नव्हती, खुर्चीतही नव्हती. सात नंबरच्या मशीनला काहीतरी असं चिकटलेलं होतं, जे बाकीच्यांना नव्हतं. ते बघायचं तर आत जायला हवं. आणि रविवारी 'विजयपथ'च्या शटरला कुलूप असायचं.

दोघी पोचल्या तेव्हा मात्र शटर अर्धं वर होतं. आत कुणीतरी हिंडत होतं.

४

आत मायाक्का होती. रविवारी फरशी पुसायला यायची. बाहेरच्या फ्लेक्सवर संगमेश सरांचा फोटो दारापेक्षा मोठा आणि 'यशस्वी' विद्यार्थ्यांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे. आत भिंतीवरही सरच, हार घातलेले. जिवंत माणसानं स्वतःच्या फोटोला स्वतःच हार घातलेला अंकितानं पहिल्यांदाच पाहिला.

"काय बघलालीस गं पोरी?" मायाक्कानं विचारलं.

"मायाक्का, सात नंबर कुठला?"

"त्यो कोपऱ्यातला. ते उपाशी प्रिंटर हाय न्हव का, त्याच्या शेजारचा."

"उपाशी?"

"व्हय की. मी आल्यापासनं लाल दिवा लुकलुकतोय बघ त्याचा. कागद मागतंय ते. परीक्षा आली की सर त्याच्या पोटातला कागद काढून कपाटात कुलपात घालत्यात. पोरं कच्च्या कामाला फुकट वापरत्यात म्हनं. मागल्या म्हैन्यात बी असंच लुकलुकत होतं. सरांनी कागद घातला तवा गप झालं."

अंकिता वाकली. प्रिंटरची जाड वायर टेबलाखालून सरळ सात नंबरच्या मशीनमध्ये गेली होती. बाकी कुठल्याच मशीनला नाही. अख्ख्या सेंटरची प्रिंट, काउंटरवरची धरून, सातच्या मार्फत जात होती.

"मायाक्का, हे चालू करू?"

"मला काय इचारतीस? मी फरशी पुसत्ये, मला काय दिसत न्हाय." आणि मायाक्कानं खरोखरच पाठ फिरवली.

मशीन कण्हत-कुथत चालू झालं. दोघी स्क्रीनकडं बघत बसल्या. एक मिनिट. दोन. आणि खाली उजव्या कोपऱ्यात टुणकन एक पिवळी चौकट उगवली.

'प्रिंटरमधील कागद संपला आहे.'

"हीच!" राजश्री किंचाळली आणि तिनं फोनवर चौकटीचा फोटो काढला. "अंकी, हीच ती!"

"म्हणजे कुणीतरी प्रिंट दिली, प्रिंटर उपाशी, म्हणून त्यानं सातच्या तोंडावर बोंब मारली. तू बोंब बंद केलीस, आणि कंपनीच्या शहाण्या यंत्राला वाटलं तू पळालीस!" अंकिताचे डोळे चमकले. "तीनदा प्रिंट दिली, तीनदा बोंब. प्रश्न एवढाच, की दिली कुणी?"

"आता कसं कळणार? कालची गोष्ट ती."

"ताई, आमच्या शाळेतला प्रिंटर असाच आहे. कागद नसला तरी दिलेला हुकूम विसरत नाही. पोटात धरून बसतो."

तिनं दप्तरातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला आणि प्रिंटरच्या पोटात सारला. लाल दिवा विझला. हिरवा लागला. घरघर झाली. एक पान हळूहळू बाहेर सरकू लागलं, आणि त्याच वेळी जिन्यावर सपातांचा आवाज झाला. संगमेश सर सेंटरच्या वरच राहायचे.

५

"येन री? काय चाललंय हितं?" सर दारात उभे. बनियनवर शर्ट चढवलेला, बटणं वर-खाली. "मायाक्का, यांना कुणी आत घेतलं?"

"मला काय दिसलं न्हाय," मायाक्का म्हणाली.

अंकितानं ट्रेमधून तीन पानं उचलली, एक नजर टाकली आणि पाठीमागं राजश्रीच्या हातात दिली. राजश्रीनं ती वाचली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मग तिनं अगदी शांतपणे फोन काढला.

"सर, पाच मिनिटं द्या," अंकिता म्हणाली. "तुमच्या अहवालात आहे की तुम्ही पूर्ण वेळ ताईच्या मागं उभे होता."

"होतोच! डोळ्यांनी बघितलं मी. दुसरी खिडकी उघडत होती ती."

"मग साडेअकराला काउंटरवरनं उठून युवराजचा हात कुणी मिळवला? तुमच्या फोटोनं?"

सर शर्टाची बटणं नीट लावू लागले.

"ताईची परीक्षा मोडली ती या प्रिंटरनं. तीन प्रिंटा, तीन इशारे. आता प्रिंट द्यायची तर परीक्षेच्या बाहेर यावं लागतं, आणि बाहेर आलं की आपल्यालाच इशारा बसतो. वैजयंतीला एकही नाही, म्हणजे ती नाही. युवराज साडेअकरापर्यंत परीक्षेत होता आणि त्याला शिंकेचा तेवढा एक बसला. समजा त्यातच त्यानं ११.२२ ची प्रिंट दिली असेल. पण ११.३१ ला आणि ११.४० ला तो गाड्यावर स्वतःचं कौतुक सांगत होता, अख्खा गाडा साक्षीला आहे. मायाक्का रविवारी येतात. उरलं कोण?"

"ए पोरी, प्रिंटर सगळ्यांना जोडलेला आहे! बाहेरचं कुणी पण देईल. पुरावा काय?"

"ताई, वाच."

राजश्रीनं पान वर धरलं. बाईंनी अंकिताच्या प्रकल्पावर गोल केली होती तशीच, वरच्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत शनिवारची तारीख, आणि पुढं ११.२२. दुसऱ्या पानावर ११.३१. तिसऱ्यावर ११.४०. तिन्ही पानं एकच होती. न आलेली प्रिंट पुन्हा-पुन्हा दाबायची, आणि कागद आपणच कपाटात कोंडलाय हे विसरायचं, असला चमत्कार एका कंजूष माणसालाच जमतो.

"'आदर्श संगणकगुरू पुरस्कार,'" राजश्री वाचत होती. आवाज जरासुद्धा हलत नव्हता. "'अर्जदार : श्री. संगमेश.' परीक्षा चालू असताना केंद्रप्रमुखानं दुसरं काम करायचं नाही असा करार आहे ना, सर? म्हणून तुम्ही पाठीशी उभे होता असं लिहावं लागलं. आणि उभे होता तर काहीतरी बघायला हवं होतं. म्हणून मी चोर."

"अगं, तसं नाही बाळ…"

"थांबा, संपलं नाही. मुख्य पुढं आहे. 'या वर्षी आपल्या मार्गदर्शनामुळे नोकरीस लागलेले विद्यार्थी.'" तिनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "'एक. कुमारी राजश्री बनसोडे, सॉफ्टवेअर इंजिनिअर, बंगळुरू.'"

 मायाक्काच्या हातातली बादली धाडकन खाली पडली.

अंकितानं पान ओढून ती ओळ स्वतः वाचली. परीक्षा अजून चालू होती, ताई पाच पावलांवर घाम पुसत दुसरा प्रोग्रॅम लिहीत होती, आणि या गृहस्थानं तिची नोकरी स्वतःच्या नावावर लावून टाकली होती. आणि ती लावताना जे बटन दाबलं, त्यानंच ती घालवली होती. आणि वर त्याच हातानं तिलाच चोर ठरवून सही!

सरांनी झडप घालून पानं ओढली.

"घ्या की," अंकिता म्हणाली. "ताईनं फोटो काढलेत तिन्हींचे. चौकटीचा पण. आणि मागच्या महिन्यात वैजयंतीचं काय झालं ते ती लिहून द्यायला तयार होईल. आता तुम्ही काउंटरवर बसा आणि दुसरा अहवाल लिहा. खरा. नाहीतर हा अर्ज मी पुरस्कार देणाऱ्यांना पाठवते, या कंपनीच्या मेलसकट. वक्तृत्वाची सवय आहे मला, सोबत चार ओळी पण लिहीन."

सर बसले. पेन सापडेना. मायाक्कानं दिलं.

"मला वाटलं, माझ्याकडंच बोट येईल," ते लिहिता लिहिता पुटपुटले. "सेंटर काढून घेतील म्हणून…"

"तुमचं सेंटर वाचावं म्हणून माझं वर्ष," राजश्री म्हणाली. "लिहा, सर. पाच वाजून गेलेत."

६

म्हणणं पाच वाजून बावन्न मिनिटांनी गेलं. तीन पानं, पिवळी चौकट, दोन अहवाल, दोन्हींवर एकच सही. सोमवारी दुपारी यंत्राचं उत्तर आलं. 'गैरसोयीबद्दल खेद आहे. बुधवारी अकरा वाजता फेरपरीक्षा.' चोर म्हणताना जेवढा मायेचा ओलावा होता, तेवढाच माफी मागताना.

बुधवारी राजश्री कुठल्याच सेंटरला गेली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लॅपटॉप दिला आणि मुक्ताबाईनं दोन खोल्या रिकाम्या केल्या. माणसं, भांडी, कोंबडी, सगळं बाहेर. शेजारणी आपापली सुपं घेऊन गल्लीच्या पार टोकाला जाऊन विड्या वळत बसल्या. एकीनं रडणारं पोर उचलून थेट रस्त्यावर नेलं. नव्वद मिनिटं त्या गल्लीत कुणी खोकलं सुद्धा नाही. दारात अंकिता हातात लाटणं घेऊन पहाऱ्याला होती. युवराज 'बेस्ट लक' द्यायला आला, त्याला तिनं तोंडावर बोट ठेवून कोपऱ्यावरूनच परत पाठवला.

साडेबाराला दार उघडलं. राजश्री उंबऱ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "आई, भाकरी दे." मुक्ताबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

इशारा एकही आला नव्हता. दोन्ही प्रोग्रॅम चालले होते.

महिन्याभरानं नेमणुकीचं पत्र आलं, आणि दुसऱ्याच दिवशी संगमेश सरांचा फोन. आवाजात साखर. "राजश्री बाळ, मनापासून अभिनंदन! झालं गेलं विसरून जा. नवीन फ्लेक्स करतोय सेंटरचा. तुझा एक पासपोर्ट फोटो पाठवतेस का?"

अंकिता फोन हिसकावायला धावली. राजश्रीनं तिला एका हातानं थोपवलं.

"फोटो कशाला, सर?" ती म्हणाली. "अर्ज आहे की तुमच्याकडं, तीन प्रतींत. तोच लावा. वर वेळ पण छापलेली आहे."